हापूसच्या हंगामात बिलाची पीडीएफ पडद्यामागे कशी बनवावी

देवगडच्या एका बागायतदारांची ऑनलाइन ऑर्डर घेणारी साइट मी सांभाळतो. पहिल्या हंगामात 'ऑर्डर पक्की करा' दाबलं की तिथल्या तिथे पीडीएफ बिल बनायचं, एकाला चार-पाच सेकंद. एप्रिलात मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं एकदम आली आणि पान नुसतं फिरत राहिलं. पुढे बसलेला वेब सर्व्हर एन्जिनएक्स मुळात 60 सेकंद वाट बघतो, मग 504, म्हणजे 'वेळेत उत्तर आलं नाही' अशी चूक दाखवतो. लोकांनी पुन्हा बटण दाबलं आणि एका पेटीच्या दोन झाल्या.

तेव्हा बिल बनवायचं काम वेगळ्या वर्करकडे, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामकडे द्या. मी साइटसाठी जँगो, वर्कर चालवायला सेलेरी आणि कामांची रांग ठेवायला रेडिस वापरतो. तुमची साधनं वेगळी असली तरी क्रम हाच.

आधी डेटाबेसात बिलाची नोंद करा: ऑर्डर, बिल क्रमांक, तारीख आणि स्थिती 'रांगेत'. ती पक्की झाल्यावरच काम रांगेत टाका, जँगोत त्यासाठी 'ऑन कमिट' आहे. नाहीतर वर्कर आधीच धावतो आणि त्याला नोंदच सापडत नाही. रांगेत फक्त बिलाचा आयडी जाऊ द्या, बाकी सगळं वर्करने स्वतः वाचावं.

तारीख नोंदीतच, भारतीय वेळेने ठरवा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे असतो. पहाटे पाचला आलेल्या ऑर्डरवर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि ती पहाट 1 एप्रिलची असेल तर बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जातं.

आता टेम्पलेट, म्हणजे बिलाचा साचा. वर्करसमोर ब्राउझरची विनंती नसते, म्हणून लॉगिन कोणाचं, साइटचा पत्ता काय, हे त्याला ठाऊक नसतं. लोगोचा अर्धवट पत्ता दिलात तर त्या जागी काहीच उमटत नाही. एचटीएमएलची पीडीएफ करणाऱ्या वीझीप्रिंटला 'बेस यूआरएल', म्हणजे मूळ पत्ता सांगा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो मराठी अक्षरांना. तुमच्या लॅपटॉपवर बिल सुरेख दिसतं आणि सर्व्हरवर नुसते चौकोन येतात, कारण सर्व्हरवर प्रोग्राम ज्या तयार गाठोड्यातून चालतो, त्या डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो. नोटो सॅन्स देवनागरी त्या इमेजमध्येच बसवा. पण फॉन्ट म्हणजे अर्धं काम. काही लायब्ररी अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतात: जोडाक्षर फुटतं, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाते. वीझीप्रिंट पँगोमार्फत हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी वापरतं, तिथे जुळणी नीट होते. पडद्याविना चालवलेला क्रोमही चालेल, फक्त तो मेमरी जास्त खातो. माझी चाचणी आपल्याच गावांची आहे: सिंधुदुर्ग, वेंगुर्ले, रत्नागिरी, श्रीवर्धन. या चार नावांत रफार, वेलांटी, 'त्न' आणि 'श्र' सगळं येतं. ती छापून, कागदावर बघा. आपल्या गावाचं नाव मोडकं छापलेलं बिल गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ नये, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की त्याच डिस्कवर नाव बदला आणि स्थिती 'तयार' करा. अर्धवट फाइल मग कोणाला मिळत नाही. स्थिती आधीच 'तयार' असेल तर वर्करने हात न लावता परतावं. पानाने दोन-तीन सेकंदांनी स्थिती विचारावी आणि तयार होताच दुवा दाखवावा. दुवा उघडताना ऑर्डर त्याच माणसाची आहे ना, ते तपासा. बिलावर पत्ता आणि फोन असतो.

राहिली वीज. आमचा सर्व्हर पेट्या भरायच्या शेडमध्येच आहे, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात वीज जातेच. वर्कर मध्येच मेला तर ते काम हरवू शकतं, मात्र डेटाबेसातली नोंद राहते. म्हणून दर दहा मिनिटांनी, दहा मिनिटांहून जास्त वेळ 'रांगेत' अडकलेली बिलं शोधून पुन्हा पाठवणारं छोटं काम लावा. तीनदा जमलं नाही तर स्थिती 'अडलं' करा आणि बागायतदारांना मेसेज जाऊ द्या, म्हणजे पेटी गाडीत चढायच्या आत ते बिल हाताने लिहून देतील.