जुन्या व्हॅनचं पुढचं व्हील बेअरिंग घरीच कसं बदलायचं

पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला, तो स्पीडबरोबर वाढतोय आणि क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली तरी जात नाही, तर बहुतेक बेअरिंग गेलंय. कुठल्या बाजूचं ते वळणावर कळतं, डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, म्हणजे तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं. पण नुसत्या आवाजावर जाऊ नका, टायर वेडावाकडा झिजला असेल तरी डिट्टो असाच आवाज येतो.

म्हणून चाक उचलून बघायचंच. एक हात वर, एक हात खाली धरून आतबाहेर हलवा, कट् कट् लागलं की कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले (म्हणजे हा ढिलेपणा) गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे. मग चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून सरळ बोटांना जाणवते.

आता मी सांगतोय ते इंजिनचा जोर मागच्या चाकांना जाणाऱ्या (रिअर व्हील ड्राइव्ह) जुन्या व्हॅनबद्दल, ज्यात पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग असतात, आत मोठं आणि बाहेर छोटं. जोर पुढच्या चाकांना जाणारी व्हॅन असेल तर बेअरिंग बहुतेक नकलमध्ये (हब धरणाऱ्या जाड लोखंडी भागात) प्रेसने बसवलेलं असतं, ते घरी हातोड्याने ठोकत बसू नका, नकल खोलून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या.

सामान म्हणजे आतलं आणि बाहेरचं दोन्ही बेअरिंग कपासकट (कप म्हणजे हबमध्ये घट्ट बसलेली, रोलर जिच्यात फिरतात ती बाहेरची कडी), नवीन ऑइल सील, नवीन स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून टाकतात ती), हाय टेम्परेचर व्हील बेअरिंग ग्रीस, पितळेचा पंच, हातोडा, ब्रेक क्लीनर आणि भरपूर चिंध्या. कप जुनाच ठेवून फक्त रोलरवालं नवीन टाकायचा मोह होतो कारण कप काढणं हेच जिवावर येतं, पण तसं करू नका, रोलर आणि कप जोडीनेच बदलायचे.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड किंवा ओंडका. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक लावा आणि स्टँड ठेवा, नुसत्या जॅकवर काम अजिबात नाही, हबवर हातोडा मारताना गाडी हलतेच.

चाक काढलं की कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) काढून तारेने स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. (पुढे ड्रम असतील तर आधी लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेक शू) आत घ्या, नाहीतर ड्रम निघता निघत नाही.) हबवरची छोटी ग्रीस कॅप कडेकडेने ठोकत काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट खोला. काही जुन्या गाड्यांत डावीकडच्या नटचे आटे उलटे असतात, नट जास्तच कुरकुर करायला लागला तर जोर लावायच्या आधी आटे नीट बघा. हब ओढताना पुढे तळहात धरा, बाहेरचं बेअरिंग पटकन मातीत पडतं.

जुनं बेअरिंग लगेच फेकू नका, पुसून उजेडात धरा. ग्रीस दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय म्हणजे सीलने दगा दिलाय, रोलर निळसर असतील तर तापलंय, कपात खड्डे किंवा पापुद्रे असतील तर आवाज तिथूनच येत होता. हब ज्यावर फिरतो तो शाफ्ट पण साफ करून नख फिरवून बघा, नख अडकेल इतकी चर असेल किंवा शाफ्टच निळा पडला असेल तर नवीन बेअरिंग टाकून उपयोग नाही, तो भागच बदलावा लागेल.

कप काढायला हबच्या आत बघा, बऱ्याच हबला खाचा दिलेल्या असतात, तिथे पंच टेकवून एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला असं ठोकत सरळ बाहेर काढायचं. नवे कप बसवायच्या आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, थोडे आकसतात. मग जुना कप उलटा वर ठेवून त्यावर ठोका, नव्याला पंच लागत नाही, फक्त जुन्याला आधीच एक चीर पाडून ठेवा नाहीतर तोच आत अडकेल. आवाजाकडे कान ठेवा, ठप् ठप् चाललेलं असतं आणि कप तळाला टेकला की एकदम खणखणीत टण्ण वाजतं, तिथे थांबा.

ग्रीस नुसतं वरून फासू नका. तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत ओढा, रोलरच्या मधून वर छोट्या छोट्या शेवया निघेपर्यंत, मग थोडं फिरवून पुढचा भाग. हब मात्र गच्च भरायचा नाही. आतलं बेअरिंग ठेवून सील सपाट ठोका, त्याच्या ओठाला ग्रीस लावा, हब चढवा, बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट.

आता नट किती आवळायचा, सगळा जीव इथे आहे. मी पहिल्यांदा 'सुटायला नको' म्हणून पान्याने गच्च आवळला होता आणि नवंकोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत जळालं. टेपर बेअरिंगला किंचित मोकळीक लागतेच, कारण चालताना ते तापून फुगतं. म्हणून हब फिरवत फिरवत नट साधारण २५ ते ३० न्यूटन मीटरने आवळा म्हणजे सगळं जागेवर बसतं, मग पूर्ण सैल करा, आणि मग नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. मोकळीक सहसा ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर असते, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी दिली असेल तर तीच धरा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत सैल करायचा, आवळायचा नाही. पिन नवीनच टाका आणि टोकं नीट वळवा.

डिस्कला लागलेलं ग्रीस ब्रेक क्लीनरने पुसून काढा, कॅलिपर बसवून बोल्ट मॅन्युअलप्रमाणे आवळा, चाक लावा, गाडी खाली घेऊन व्हील नट समोरासमोरचे आवळा. आणि हो, निघायच्या आधी ब्रेक पेडल घट्ट होईपर्यंत मारा, पहिल्यांदा ते पार खाली जाऊ शकतं.

दहाएक किलोमीटर हळू चालवून या, शक्यतो कमी ब्रेक मारत, आणि दोन्ही हबच्या जवळ हात नेऊन बघा. कोमट असणं ठीक, पण एक हब हात लावता येणार नाही इतका तापला असेल तर चाक उचलून नट परत सेट करा. शंभरएक किलोमीटरनंतर प्ले पुन्हा एकदा तपासा, व्हील नट पण.