सिंफनी शेवटी फाटते? आधी सुई बघा

इंदुरात उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली की तासाभरात टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. तीच धूळ रेकॉर्डच्या खाचांत बसते. ख्यालाच्या रेकॉर्डवर थोडी चरचर खपून जाते, पण सिंफनीत, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेत, व्हायोलिनं अगदी हळू वाजत असताना ती कानात टोचते. म्हणून दर वेळी तबकडी फिरवत कार्बन फायबरचा ब्रश लावा. सुईही पुसा, पण मागून पुढे, हलक्या हाताने.

खरी परीक्षा मात्र शेवटी असते. एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला, म्हणजे बाजू संपताना, जेमतेम २०-२२. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला, म्हणून तो तिथे फाटतो. आणि सिंफनीचा सगळा दणका बहुधा तिथेच! बेथोवनच्या पाचव्या सिंफनीत तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो आणि ट्रॉम्बोन ही पितळी फुंकवाद्यं तिथे पहिल्यांदा वाजतात. तेव्हा आवाज फाटला तर लगेच स्पीकरला दोष देऊ नका, सुईचा भार, म्हणजे ती खाचेवर किती वजनाने टेकते ते, तपासा. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, पत्रकातला आकडा पाळा. बऱ्याचदा तो दीड-दोन ग्रॅम असतो. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा गैरसमज. हलकी सुई खाचेत उडते आणि उलट जास्त ओरबाडते.

आजोबांच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्या माळ्यावर असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका. त्या लाखेच्या, विरघळतात. एलपीची सुईही त्यांना चालत नाही.