चांदण्यांखाली आजीचा फोटो कसा काढायचा

रात्रीच्या आकाशाचे फोटो बरेच जण झकास काढतात, पण त्यात माणूस आला की गडबड होते. एकतर चेहरा काळाठिक्कर, नाहीतर फ्लॅशने पांढराफटक. माझं म्हणणं एकच, आधी चेहरा नीट मिळवा, आकाश कुठे जात नाही.

दिवस निवडताना कॅलेंडर उघडा आणि अमावस्येच्या आगेमागचे तीन-चार दिवस धरा. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग, म्हणजे धनु-वृश्चिककडचा, मेच्या मध्याला आपल्याकडे रात्री दहानंतर आग्नेयेला वर यायला लागतो आणि अडीच-तीनला दक्षिणेला छान चढलेला असतो. पुढे पावसाळा, मग विसराच. थंडीत काढायचा असेल तर मृग आणि कृत्तिका आहेतच, तेही सुंदर दिसतात.

आमचं गाव भंडारदऱ्याकडे. तिथे मे महिन्यात आजीला अंगणात बसवून फोटो काढला, त्यावरूनच सांगते. पहिलं काम म्हणजे ओटीवरचा बल्ब बंद, शेजारच्यांनाही पाच मिनिटं विनंती. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड (सगळं आपणच ठरवायचं), रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ३२००, लेन्सचं छिद्र एफ २.८, शटर १५ सेकंद उघडं, दोन सेकंदांचा टायमर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोच्या रंगांची झाक, ४००० केल्विनच्या आसपास. तारे रेघांसारखे ओढले जाऊ नयेत म्हणून शटर जास्तीत जास्त किती सेकंद ठेवायचं याचा साधा हिशोब आहे, ५०० भागिले लेन्सचे एमएम, २० एमएमला २५ सेकंद, क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, असेल तर आधी एमएमला दीडने गुणा. पण माणूस २५ सेकंद स्थिर बसत नाही हो, म्हणून मी १५च्या वर जातच नाही.

फोकस ही खरी डोकेदुखी. १४ एमएम लेन्स फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) एफ २.८ला असेल तर तीन मीटरवर फोकस ठेवा, माणूस आणि तारे दोन्ही बऱ्यापैकी शार्प येतात. २४ एमएमला हेच अंतर सात मीटरच्या घरात जातं, मग माणूस एवढासा दिसतो, तेव्हा एक फोटो चेहऱ्यावर फोकस करून आणि लगेच दुसरा ताऱ्यांवर, असे दोन काढून नंतर जोडलेले बरे. ट्रायपॉड मात्र मधे हलवायचा नाही.

आता उजेड. टॉर्च थेट तोंडावर मारू नका. मी मोबाईलचा टॉर्च आजीच्या डावीकडे दोन मीटरवर उभ्या असलेल्या भावाच्या पांढऱ्या बनियनवर मारला, फक्त एक सेकंद, आणि त्यावरून परतलेला मऊ उजेड आजीच्या गालावर, नथीवर आणि लुगड्याच्या काठावर पडला, बास एवढाच पुरतो. फ्लॅशच वापरायचा असेल तर कॅमेऱ्यावरून काढून १/१२८ पॉवरवर, वर बटर पेपरचे दोन थर. टॉर्च शेवटच्या सेकंदांत मारा कारण आधी मारला की डोळे दिपतात, माणूस मान वळवतो, आणि डोक्यामागे तारे असतील तर ते डोक्याच्या कडेतून आरपार दिसायला लागतात. आमचे पहिले तीन फोटो असेच गेले.

चौथ्याला आजीला ओटीच्या खांबाला पाठ टेकवून बसवलं, हात मांडीवर, आणि सांगितलं, "मी झालं म्हणेपर्यंत समोरच्या जांभळीकडे बघ, श्वास हळू घे." कॅमेरा जमिनीपासून दीड फुटावर आणला म्हणजे डोकं डोंगराच्या रेघेच्या वर आकाशात आलं. फोटो बघताना स्क्रीनचा ब्राइटनेस एकदम कमी ठेवा. अंधारात अंडरएक्सपोज्ड, म्हणजे उजेड कमी पडलेला, फोटोही लख्ख दिसतो आणि घरी येऊन पस्तावायची वेळ येते, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघाच.

आजीने स्क्रीनवर स्वतःला बघितलं, मग वर आकाशाकडे, आणि म्हणाली, "एवढ्या चांदण्या माझ्या मागं व्हत्या व्हय गं?"