वस्तू तीच की दुसरी? हा वाद गोल गोल न फिरता कसा घालायचा

कुणी म्हणालं "सगळं क्षणाक्षणाला बदलतं" की शेजारचा हमखास म्हणतो "पण मूळ तर तेच राहतं ना", मग चहावर चहा होतो आणि दोघंही होते तिथेच. वाद तसा अडीच हजार वर्षं जुना आहे, ग्रीसमधे हेराक्लिटस म्हणायचा नदीत पाय ठेवणाऱ्यावरून दरवेळी वेगळंच पाणी वाहतं, पार्मेनिडीसचं म्हणणं बदल ही गोष्टच मुळात खोटी, आणि आपल्याकडे बौद्ध (सगळं क्षणिक म्हणणारे) आणि नैयायिक (न्याय दर्शनाचे तर्कपंडित, वस्तू टिकते म्हणणारे) कित्येक शतकं एकमेकांना ग्रंथावर ग्रंथ लिहून उत्तरं देत बसले. पण त्यांच्या भांडणात एक शिस्त होती. ती कशी आणायची ते सांगतो, पद्धती सगळ्या उसन्या आहेत, चहा फक्त माझा.

पहिलं म्हणजे "सगळं" हा शब्द टाकून द्या आणि एकच वस्तू धरा. विश्व, काळ, आत्मा असलं काही घेतलंत की संपलं. घरातली जुनी स्कूटर घ्या. पिस्टन नवीन, केबली तर दर थोड्या दिवसांनी बदलतात, सीट, आरसे, हेडलाइट नवीन, पत्रा सडला म्हणून खाली वेल्डिंग मारलेलं, रंग दोनदा झालेला. आता तीच का? थांबा, उत्तर देऊ नका, आधी काय बदललं आणि काय राहिलं ते खरंच कागदावर लिहून काढा, कारण इथेच निम्मे लोक गार पडतात. त्यांना वाटत असतं आत कुठेतरी "मूळ" शिल्लक आहे आणि यादी केल्यावर कळतं की शेवटी उरतो तो चासीवर ठोकलेला नंबर. आरटीओला तेवढा पुरतो, पूर्ण इंजिन बदललंत तरी नोंद करून घ्या म्हणतात, गाडी कागदावर तीच.

मग विचारा, कोणाला त्यातलं काय हवंय. इथे जैनांची पद्धत मला सगळ्यात भारी वाटते. त्यांच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात सरळ म्हटलंय की जे आहे त्यात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य तिन्ही असतात, म्हणजे काहीतरी नवीन होतंय, काहीतरी जातंय आणि काहीतरी टिकतंय, एकाच वेळी. जैन आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसा या ग्रंथात उदाहरण दिलंय ते कमाल आहे: सोन्याचा घडा मोडून मुकुट केला, ज्याला घडा हवा होता तो रडला, ज्याला मुकुट हवा होता तो खूश झाला आणि ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला काहीच वाटलं नाही. तिघंही बरोबर! स्कूटरला हे लावून बघा, वडिलांना तिच्यावर आईला फिरवलेलं आठवतं, मुलाला ती विकायचीय आणि भंगारवाल्याला वजन दिसतं. निम्मी भांडणं इथेच मिटतात कारण प्रश्न तिघांचे वेगळेच होते.

मिटलं नाही तर पुढचं: समोरचा जे म्हणतोय ते खरं असेल तर दिसायला काय हवं होतं ते विचारा. याचा सगळ्यात मस्त नमुना म्हणजे घडा भाजण्याचा वाद, तो कुणी सांगत नाही म्हणून मी जरा लांबवतो. कच्चा घडा काळपट असतो, भट्टीतून लाल होऊन निघतो. वैशेषिक, म्हणजे सगळं परमाणूंचं बनलंय म्हणणारे दर्शनवाले, म्हणाले, आचेने घडा पार परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यातून नवीन लाल घडा जुळतो, हे सगळं इतक्या झपाट्यात की डोळ्याला कळत नाही. हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले काहीतरीच काय, घडा जागचा हलत नाही, बारीक छिद्रांतून आच आत जाते आणि रंग बदलतो, हा पिठरपाक. आणि पुरावा काय दिला, तर भट्टीत घड्यावर घडे रचलेले असतात, खालचा मधेच विरघळला असता तर वरचे कोसळले नसते का? नुसत्या तत्त्वज्ञानात न अडकता कुंभाराच्या भट्टीत जाऊन केलेला असला युक्तिवाद मला जाम आवडतो. कोसळत नाहीत म्हणून वाद कायमचा संपला असं नाही, पण निदान कशावर भांडतोय ते तरी ठरलं.

"मी ओळखतो ना, म्हणजे तीच" हे मात्र लगेच मान्य करू नका. नैयायिकांचा हा हुकमी एक्का होता, प्रत्यभिज्ञा, म्हणजे आधी पाहिलेली वस्तू "तीच ही" म्हणून ओळखणं. बौद्ध म्हणायचे की कापलेले केस आणि नखं परत वाढली तरी तुम्ही तीच म्हणून ओळखताच की. ग्रीक राजा मिलिंदला बौद्ध भिक्षू नागसेनाने दिव्याचं विचारलं होतं, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीही नाही आणि दुसरीही नाही. ओळख चुकीची असते असं नाही, पण एकट्या ओळखीवर निकाल देता येत नाही एवढंच.

आणि मोजपट्टी स्थिर आहे का तेही बघा. पॅरिसजवळ ठेवलेला किलोग्रामचा ठोकळा 1889 पासून जगाचा किलो होता, आणि शंभर वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या प्रतींमधे साधारण 50 मायक्रोग्रामचा फरक पडला. मग बदललं कोण, ठोकळा का प्रती? व्याख्येनुसार ठोकळा बदलूच शकत नव्हता! 20 मे 2019 पासून किलोची व्याख्या ठोकळ्यावरून करणं बंद झालं आणि तो भानगडीतून सुटला.

शेवटची परीक्षा सगळ्यात कडक, दुसरा दावेदार उभा करा. अथेन्समधे ग्रीक दंतकथेतला वीर थिसियस याचं तीस वल्ह्यांचं जहाज जपून ठेवलेलं, कुजलेली फळी काढायची आणि नवीन बसवायची, प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाने लिहिलंय की तत्त्वज्ञ लोक त्यावरूनच भांडायचे. 1655 मधे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सने त्यात काडी घातली, समजा काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरं जहाज उभं केलं, तर थिसियसचं कोणतं? इथे मला आवडणारी जैनांची युक्तीही जरा अडखळते, कारण टिकलेलं दोन्हीकडे आहे, एकीकडे रूप आणि दुसरीकडे लाकूड.

ज्यांना हे खरोखर निभवायचं असतं ते निकाल आधीच ठरवून टाकतात. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात अधिक आषाढ आला की नवकलेवर होतं, मागचं 2015 मधे झालं, कडुनिंबाच्या नव्या मूर्ती करतात, जुन्यातला ब्रह्मपदार्थ (मूर्तीच्या आत ठेवलेली पवित्र गुप्त वस्तू) डोळ्यांवर पट्टी बांधून नव्यात ठेवतात आणि जुन्या मूर्ती पुरतात. जपानमधे इसेचं देऊळ दर 20 वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर नव्याने बांधतात, मागचं 2013 मधे, आतली पवित्र वस्तू रात्री नव्यात नेतात आणि जुनं देऊळ उतरवून त्याचं लाकूड दुसऱ्या देवळांना देतात. म्हणजे काय टिकवायचं तेही ठरलेलं आणि जुन्याचं काय करायचं तेही, दुसरा दावेदार उभाच राहत नाही. स्कूटरचंही तसंच करा, चासी नंबर का आठवणी ते घरात एकदा बोलून घ्या आणि गॅरेजवाल्याकडून जुने पार्ट मागून आणा, नाहीतर तो त्यातून दुसरी उभी करायचा.