शिळेवरच्या आकड्यामागची नावे : गावातील जुन्या सैनिकांचा शोध शाळेने कसा घ्यावा

सातारा, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी शिळा बसवलेली आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक इतके लोक गेले आणि त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर असतो. नाव बहुधा एकाचेही नसते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा चांगला प्रकल्प सापडणे कठीण आहे, कारण प्रश्न भिंतीवरच कोरलेला आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

सुरुवात शिळेपासूनच करावी. विद्यार्थ्यांनी मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा, झिजलेली अक्षरे अंदाजाने भरू नयेत आणि सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र काढावे, कारण तेव्हा कोरीव अक्षरांच्या कडा स्पष्ट दिसतात. शिळा स्वच्छ करायची असल्यास साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. उत्साहाच्या भरात अक्षरांत ऑइलपेंट भरण्याचा मोह मात्र टाळावा. एकदा भरलेला रंग निघत नाही आणि चुकीचे वाचलेले अक्षर मग कायमचे चुकीचे राहते.

पुढचा टप्पा घरोघरच्या आठवणींचा, आणि तो नीट पार पडणे प्रश्न कसा विचारला जातो यावर अवलंबून असते. ‘आपल्या घरातील कोणी पहिल्या महायुद्धात होते का?’ असे विचारल्यास आजी बहुधा नाही म्हणेल. ‘आपल्यातले कोणी पलटणीत होते का? जर्मनच्या लढाईला किंवा बसऱ्याला कोणी गेले होते का?’ असे विचारले, की तीच आजी सासऱ्यांच्या काळ्या ट्रंकेपर्यंत येऊन पोहोचते. बसरा हे नाव घरांत टिकून राहिले यालाही कारण आहे : पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याची सर्वांत मोठी रवानगी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, झाली होती आणि बसरा हे तिथले बंदर. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात तिथल्याच कुत या गावी पडलेल्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या.

ट्रंकेतून पदक निघाल्यास ते आधी घासून चकचकीत करू नये. पहिल्या महायुद्धाच्या गोल सेवापदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि पॉलिशने झिजते ती नेमकी हीच अक्षरे. भिंगातून पाहून मुलांनी ती एकेक करून वहीत उतरवावीत. बशीएवढी कांस्याची गोल तबकडी, तिच्यावर उभी स्त्री आणि सिंह, असे काही मिळाले तर ती मृत सैनिकाच्या वारसांना दिलेली स्मृती-तबकडी समजावी. तिच्यावर नाव असते, हुद्दा नसतो. वस्तू घरातच राहू द्यावी, शाळेत छायाचित्र आणावे.

यानंतर कागद. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या १९१७ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतील मृत सैनिकांची सूची विनामूल्य पाहता येते. तेथे सरावासाठी प्रथम माहितीतले नाव शोधावे. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे (हुद्दा नाईक) १० जुलै १९४४ रोजी इटलीत मारले गेले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले आणि त्यांचे नाव कॅसिनो स्मारकावर आहे. हे आधीच ठाऊक असल्याने सूचीतील नोंद कशी वाचायची हे मुलांना पटकन कळते. मग गावातील नावांकडे वळावे. रोमन लिपीत ‘शिंदे’, ‘पवार’, ‘भोसले’ ही आडनावे तीन-चार तऱ्हांनी लिहिलेली सापडतात, त्यामुळे सर्व शक्य रूपे फळ्यावर लिहून एकेका गटाला वाटून द्यावीत. जिल्ह्यांची नावेही जुनीच धरावीत : रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता आणि आजच्या सांगलीतील बरीच गावे साताऱ्यात मोडत.

या सूचीच्या मर्यादा मुलांना आधीच सांगाव्यात. युद्धावरून जिवंत परतलेल्यांची नावे तिच्यात नसतात, आणि ३१ ऑगस्ट १९२१ नंतर वारलेले सैनिक पहिल्या महायुद्धाच्या यादीत धरलेले नाहीत. शिवाय बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. गावच्या शिळेवरचा आकडा पाहिलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एका वर्षी आमच्या वर्गाला हवे ते नाव, आडनाव आणि जिल्हाही जुळणारी नोंद सापडली, टाळ्या झाल्या, तक्ता रंगला; आणि नंतर लक्षात आले की नोंदीतील वडिलांचे नाव निराळे आहे व तो सैनिक दुसऱ्याच तालुक्यातील आहे. त्यानंतर आम्ही नियमच केला की निदान दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय नाव पक्के मानायचे नाही. दुसरा पुरावा पुष्कळदा गावातच असतो. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमधील प्रवेशाची नोंद, तहसील कार्यालयातील कोतवाल बुकातील जन्मनोंद, आणि सर्वांत उपयोगी म्हणजे जमिनीचा फेरफार, कारण खातेदार परमुलखात मेला तरी वारसनोंद गावात करावीच लागे. यांतील काही कागद मोडीत असतात. वाचणारा जाणकार मिळेपर्यंत छायाचित्र जपून ठेवावे. दक्षिण महाराष्ट्रात घरी हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा, येत असेल, तर त्याच्या चोपडीतील वंशावळही ऐकावी, मात्र ती एकटी पुरावा म्हणून धरू नये. अलीकडच्या युद्धांतील सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र द्यावे.

शोध एकाच वाडीत किंवा एकाच समाजात थांबू देऊ नये. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात ती पुन्हा सुरू होऊन १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. कोकणातील अनेक मुसलमान बोटींवर खलाशी होते. खेचरे हाकणारे, ओझी वाहणारे, स्वयंपाकी यांच्या घरी कदाचित पदक नसेल, आठवण असेल.

लिहिताना शब्द तोलावेत. मेसोपोटेमियात कितीतरी जण आजाराने गेले, म्हणून पुराव्याशिवाय ‘धारातीर्थी पडले’ असे लिहू नये. ‘मरण पावले’ हे पुरेसे आहे. ‘मग ते इंग्रजांसाठी का लढले?’ असे एखादा विद्यार्थी विचारीलच. पगार, दुष्काळ, घराण्याची परंपरा, भरतीचा दबाव ही सारी कारणे त्याच्यापुढे ठेवावीत आणि आपल्याच गावातील घरांत त्यांपैकी कोणते सांगितले जाते, हे त्यालाच शोधायला लावावे.

अभिवादनाचा कार्यक्रम ११ नोव्हेंबरला, म्हणजे पहिले महायुद्ध थांबले त्या दिवशी, किंवा ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला, शिळेसमोरच आणि अर्ध्या तासात आटपावा. पाहुण्यांची भाषणे नकोत. ज्या मुलांच्या घरी माणूस अलीकडच्या युद्धात गेला आहे, त्यांना बोलायला उभे करण्यापूर्वी घरच्यांना विचारावे आणि मूल नको म्हणाले तर विषय तेथेच सोडावा. प्रत्येक सिद्ध झालेले नाव त्याच भावकीतील विद्यार्थ्याने वाचावे; जी नावे सापडली नाहीत, तेवढ्या वेळा वाचणाऱ्याने नुसते थांबावे. तयार झालेल्या पुस्तिकेची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवावी, आणि शिळेवरील आकड्याइतक्या ओळी पूर्ण होतील अशा रिकाम्या ओळी तिच्यात आखून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वर्गाला कोठून सुरुवात करायची ते दिसेल.