मिसिंग मारणाऱ्या पेट्रोल गाडीतील दोष कसा शोधावा

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याने इंजिनने झटके देणे. अशा वेळी चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी सावकाश घरी आणता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र रेस सोडून बाजूला थांबावे, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटते आणि एका कॉइलवर (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या भागावर) भागणारे काम भलतेच महागात पडते.

स्कॅनर (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) जोडून कोड लिहून घ्यावेत. पी०३०१ ते पी०३०४ यांतील शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो. पी०३०० आल्यास एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही; तेव्हा व्हॅक्यूमची गळती (इंजिनमध्ये चोरवाटेने शिरणारी हवा) आणि पेट्रोलचा दाब आधी तपासावा. गाडी सीएनजीवरही चालत असेल तर फुकटची आणखी एक चाचणी हाताशी असते. सीएनजी पेटवायला ठिणगी अधिक जोरकस लागते, त्यामुळे सीएनजीवर झटके आणि पेट्रोलवर सुरळीत असे असल्यास प्लग (ठिणगी पाडणारा भाग), कॉइल किंवा सीएनजीचे इंजेक्टर (इंधन सोडणारे भाग) यांवर संशय घ्यावा. उलट असल्यास पेट्रोलच्या इंजेक्टरकडे वळावे.

यानंतर येते अदलाबदल, आणि सगळा घोळ इथेच होतो. कोड दुसऱ्या सिलिंडरचा आहे आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे असे धरू. इंजिन थंड व इग्निशन बंद असताना दुसरी आणि तिसरी कॉइल परस्परांत बदलावी, प्लगला हात लावू नये, कोड पुसून गाडी बाहेर काढावी. ‘आता उघडलेच आहे तर प्लगही बदलून टाकू’ हा सल्ला मी कोणालाही देत नाही. दोन वस्तू एकदम हलवल्या की दोष कोणाबरोबर गेला हे कळण्याचा मार्गच बंद होतो. दारात उभी करून तपासणेही निरुपयोगी आहे. कमजोर कॉइल आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) निमूट काम करते आणि चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये रेस दाबली की दगा देते, कारण सिलिंडरमधील दाब वाढला की ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला तर तोच खेळ प्लगचा, मग इंजेक्टरचा.

चालू इंजिनवर कॉइलचे कपलर (विजेच्या तारांची जोडणी) एकेक काढून ‘फरक पडतो का’ पाहण्याची गॅरेजमधील पद्धत मला मुळीच मान्य नाही. तिने झटका बसू शकतो, आणि कच्चे पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाते. करायचेच असेल तर इंजेक्टरचे कपलर काढावे, म्हणजे पेट्रोलही बंद होते.

नवी कॉइल विकत घेण्यापूर्वी टॉर्च लावून प्लग बसतो त्या खोल भोकात डोकवावे. तेथे तेल साचले असेल तर टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या माथ्यावरील झाकणाचे) सील गेलेले आहे आणि नवी कॉइलही त्याच तेलात खराब होईल. पाणी असेल तर बहुधा इंजिन फवाऱ्याने धुतलेले असते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी काळी उभी रेघ दिसली, तर ठिणगी तेथूनच पळत असते. अशा वेळी प्लग आणि कॉइलचे रबर दोन्ही बदलावे, कारण रेघ रबराच्या आतही उमटलेली असते.

कोणत्याही अदलाबदलीने कोड हलला नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजावे. ज्या सिलिंडरचा आकडा कमी आहे त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, न वाढल्यास व्हॉल्व्ह, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी भरले तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक व हेड यांमधील सील) दोषी.