गल्लीतल्या गटारीचं काम महापालिकेत कुठल्या टेबलावर आहे ते कसं शोधायचं

आमच्या गल्लीत गटार नव्हती, पावसाळ्यात शेवटच्या घरातल्या काकूंच्या उंबऱ्याला पाणी लागायचं. आम्ही चार घरची माणसं वर्षभर जो भेटेल त्याला सांगत होतो, नगरसेवकांना सांगितलं, मुकादमाला सांगितलं, लग्नात भेटलेल्या इंजिनिअरला पण सांगितलं, आणि सगळे बघू म्हणाले. मग एका रिटायर्ड क्लार्क काकांनी विचारलं, अर्जाचा आवक नंबर काय आहे? तेव्हा लक्षात आलं की अर्जच नव्हता, सगळं तोंडीच चाललेलं. महापालिकेत जे कागदावर नाही ते नाहीच, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, आपल्या सांगली-मिरजेत अजून बऱ्याच गल्ल्यांची हीच गत आहे.

आधी कोण काय करतंय ते बघा. आपली सांगली मिरज कुपवाड महापालिका १९९८ च्या फेब्रुवारीत झाली, तीन गावं एकत्र करून. नगरसेवक ७८, प्रभाग २०, अठरा प्रभागांत प्रत्येकी चार नगरसेवक, उरलेल्या दोन प्रभागांत तीन-तीन. म्हणजे आपला नगरसेवक एकच असतोय हे डोक्यातनं काढून टाका, प्रभागातल्या अ ब क ड या जागांवरचे चारी जण तुमचेच आहेत, चौघांनाही अर्जाची प्रत द्यायची. निम्म्या जागा महिलांच्या असतात, आणि प्रभागातल्या ताईंना डायरेक्ट भेटा, त्यांच्या मिस्टरांना नको, सही ताईंची चालते.

महापौर हे नगरसेवकांतनं निवडले जातात, अडीच वर्षांसाठी, ते महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांचं सभागृह, चालवतात. पण रोजचा कारभार, माणसं, गाड्या, चेकवरच्या सह्या हे सगळं आयुक्तांकडं, आणि आयुक्त सरकार पाठवतं, आपण निवडून देत नाही. यामुळंच खूप गोंधळ होतो, लोक महापौरांना म्हणतात घंटागाडी येत नाही आणि आयुक्तांना म्हणतात प्रभागाला निधी द्या, खरं तर उलट पाहिजे. धोरण, बजेट, ठराव सभागृहाचा आणि अंमलबजावणी आयुक्तांची. सभागृहाने कायद्याबाहेरचा ठराव केला तर तो महापालिका कायद्याच्या कलम ४५१ खाली विखंडित, म्हणजे रद्द, करायला सरकारकडं पाठवता येतो, पेपरात 'ठराव विखंडित' असं येतं ते हेच. मधल्या काळात, २०२३ च्या ऑगस्टपासून सभागृह नव्हतं, प्रशासक होते तेव्हा दोन्ही चाव्या एकाच हातात होत्या, २०२६ च्या जानेवारीतल्या मतदानानंतर परत सभागृह आलं.

तिसरी जागा स्थायी समिती, १६ जणांची, दरवर्षी निम्मे सदस्य बाहेर पडतात आणि नवीन येतात. पैशाचे मोठे विषय, टेंडरचे दर हे इथनं जातात. सभापती कोण झाला यावर एवढं राजकारण का होतं ते यावरनं समजा.

आता अर्ज कसा करायचा. साध्या कागदावर, आयुक्तांच्या नावानं, विषय एकच. गटार, दिवा, कुत्री आणि पाणी सगळं एका अर्जात घातलं की तो अर्ज चार खात्यांत फिरतो आणि कुठंच थांबत नाही. जागा नीट लिहा, कुठल्या घरापासनं कुठल्या घरापर्यंत, अंदाजे किती फूट, मोबाईलवर काढलेले दोन फोटो प्रिंट करून लावा, गल्लीतल्या आठ-दहा जणांच्या सह्या घ्या. दोन प्रती न्या, एक आवक-जावकला, म्हणजे आलेले कागद नोंदवतात त्या टेबलावर, द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर मारून घ्या. ही पोच जपून ठेवा, पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं.

त्याआधी काम महापालिकेचं आहे का तेवढं बघून घ्या. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा पण घरातली लाईट गेली तर महावितरण, प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हेत, रेशनकार्ड तहसीलला, मोठा रस्ता असेल तर तो पीडब्ल्यूडीचा पण असू शकतो. सांगली-मिरजेची सिव्हिल हॉस्पिटलं सरकारची आहेत, महापालिकेची नाहीत. जन्माची नोंद मात्र महापालिकेकडंच, २१ दिवसांत केली तर फुकट होते.

साताऱ्याला माझा मेव्हणा असतो, त्याला हे जसंच्या तसं लागू नाही, कारण तिथं महापालिका नाही, नगरपालिका आहे, कायदा पण वेगळा, १९६५ चा. तिथं नगराध्यक्ष थेट लोकांतनं निवडून येतो आणि आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी. शिवाय साताऱ्यात काही भागाला कास तलावाचं पाणी पालिका देते आणि काही भागाला सरकारचं जीवन प्राधिकरण, त्यामुळं नळाची तक्रार करताना पहिलं बिल हातात घ्यायचं आणि वर कुणाचं नाव छापलंय ते बघायचं.

परत आपल्या गटारीकडं. अर्ज गेला की बांधकाम खात्याचा जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, जागा बघायला येतो. आमच्याकडं आले ते सकाळी साडेदहाला, बरोबर टेप धरायला एक माणूस. ६२ मीटर भरलं. मग ते गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बराच वेळ उतार बघत होते, आणि विचारलं, हे पाणी शेवटी सोडायचं कुठं? आम्ही गप्प. गटार बांधणं सोपं आहे, पण ती पुढं मोठ्या नाल्याला मिळत नसेल तर ती नुसती लांबट डबकी होते, आणि कृष्णेला पूर आला की नाल्यातनंच पाणी उलटं गावात शिरतं, २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा हे सगळ्यांनी बघितलंय. म्हणून जेई येणार असेल त्या दिवशी गल्लीतलं म्हातारं माणूस हजर ठेवा, पाणी पूर्वी कुठनं वाहायचं ते त्यांनाच माहीत असतं. आमच्यात काकूंनीच मागच्या बोळातला बुजलेला जुना चर दाखवला, आणि एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा अंदाज, त्याला धरून झालं.

एस्टिमेट झालं की फाईल जेईकडनं उपअभियंत्याकडं, मग शहर अभियंत्याकडं तांत्रिक मान्यतेला, मग लेखा विभागात, तिथं बघतात की बजेटमध्ये तरतूद आहे का. इथंच जास्त फायली बसून राहतात, पैसेच नसतात कारण. जकात गेली, त्याजागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही गेला, आता सरकारचं जीएसटीचं अनुदान, घरपट्टी, पाणीपट्टी यावरच गाडा चालतोय. त्यामुळं अर्ज डिसेंबर-जानेवारीत द्या. बजेट आयुक्त करतात, ते स्थायीत जातं, तिथनं महासभेत, आणि १ एप्रिलपासनं लागू होतं. मे महिन्यात पाऊस तोंडावर आला म्हणून अर्ज घेऊन पळणाऱ्याला पुढच्या बजेटची वाट बघायला लागते. चौघा नगरसेवकांपैकी कुणाच्या प्रभाग निधीत बसतंय का ते पण तेव्हाच विचारायचं, आणि नसेल तर आमदार फंड किंवा जिल्हा नियोजनमधनं होईल का.

तरतूद असली की प्रशासकीय मान्यता, टेंडर, मग वर्क ऑर्डर, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश. दर पंधरा दिवसांनी एकदा जाऊन एवढंच विचारायचं, फाईल कुठल्या टेबलावर आहे आणि कधीपासनं. भांडायचं नाही, तारीख वहीत लिहून घ्यायची. क्लार्कला पण कळतं की हा माणूस लिहून घेतोय.

महिना-दोन महिने काहीच कळलं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर वीस रुपये लावून पहिलं अपील. पण 'काम का झालं नाही' असं विचारू नका, माहिती अधिकारात 'का' ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर फाईलमध्ये लिहिलेल्या सर्व टिप्पणीची प्रत, एस्टिमेटची प्रत.

काम सुरू झालं की वर्क ऑर्डरची प्रत मागून घ्या, त्यात लांबी, रुंदी, खोली, काँक्रीटचा प्रकार आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे त्या मुदतीत फुटलं तर ठेकेदारानं फुकट दुरुस्त करून द्यायचं. बिल निघतं ते एमबीवर, मेजरमेंट बुक, जेई त्यात मापं लिहितो. आमच्याकडं मापं घेतली त्या दिवशी टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं, काकू दारात उभ्या राहून आकडा मोठ्यानं वाचत होत्या, ६२ ला दोन बोटं कमी भरली आणि तेवढीच एमबीत लिहिली गेली.